लक्षवेधी म्हणजे निर्णय नव्हे

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीत धानाच्या पोत्यांवर ताडपत्री ओढताना एखादा शेतकरी म्हणतो, "आमदारांनी लक्षवेधी लावली, आता बोनस आलाच." समज स्वाभाविक आहे, पण अपुरा. लक्षवेधी (तातडीच्या सार्वजनिक बाबीकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) म्हणजे पंगतीतून वाढप्याला मारलेली हाक: "इकडे भात आला नाही!" वाढपी उत्तर देतो, पातेलं मात्र त्याच्याच हाती. या सूचनेवर मतदान होत नाही. बोनससाठी शासन निर्णयच निघावा लागतो. १९९३पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीतल्या चोरट्या दारूचंही तसंच: आमदार जाब विचारतात, धाड घालणं आणि गुन्हा नोंदवणं हे यंत्रणेचं काम. तरीही ही हाक फार मोलाची आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं आश्वासन कामकाजात नोंदलं जातं आणि ते पाळलं की नाही, हे विधिमंडळाची आश्वासन समिती तपासते.