संदिग्ध वाक्य आणि लिहिणाऱ्याची जबाबदारी

एकाच वाक्यातून दोन किंवा अधिक अर्थ निघतात आणि त्यांपैकी कोणता अभिप्रेत आहे हे वाचकाला ठरवता येत नाही, तेव्हा ते वाक्य संदिग्ध ठरते. अकराव्या शतकात संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त संदिग्धतेची गणना काव्याच्या दोषांत केली, मग ज्या मजकुरावर औषधाची मात्रा किंवा एखाद्याची अब्रू अवलंबून असते, तेथे हा दोष अधिकच गंभीर मानला पाहिजे.

मराठीत या दोषाचे एक मूळ सामान्यरूपात, म्हणजे विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाच्या बदलणाऱ्या रूपात आहे. ‘जखमी झालेल्या चालकाचा भाऊ’ म्हटल्यावर इजा चालकाला झाली हे स्पष्ट असते. परंतु बातमीत ‘जखमी झालेल्या चालकाच्या भावाने तक्रार दिली’ असे छापले गेले, की ‘झालेल्या’ हे रूप दोघांनाही सारखेच लागू पडते आणि जखमी कोण, हे कळत नाही. ‘चालक जखमी झाला असून त्याच्या भावाने तक्रार दिली’ अशी रचना केली, तर शंका उरत नाही. सर्वनामांचेही तसेच आहे: ‘अध्यक्षांनी सचिवांना त्यांच्या कार्यालयात बोलावले’ या वाक्यात कार्यालय कोणाचे हे समजत नाही, आणि आदरार्थी अनेकवचनामुळे सचिव एक की अनेक, हेही कळत नाही. कार्यालय अध्यक्षांचे असेल, तर कर्त्याकडे निर्देश करणारे ‘आपल्या’ हे आत्मवाचक सर्वनाम पहिली अडचण दूर करते.

सूचनांमध्ये काळ आणि प्रमाण यांबाबत अधिक दक्षता लागते. ‘शनिवारी मध्यरात्रीपासून पाणी बंद’ ही सूचना शुक्रवारनंतरची रात्र सांगते की रविवारपूर्वीची, याचा उलगडा होत नाही. केंद्रीय कायद्यांत मुदतीचा पहिला दिवस वगळण्यासाठी आणि शेवटचा धरण्यासाठी कोणते शब्द पुरेसे आहेत, हे 1897 च्या ‘जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट’च्या कलम 9 मध्ये सांगितले आहे, सार्वजनिक फलकाला असा आधार नसल्याने त्यावर तारीख आणि वेळ पूर्ण लिहावी लागते. पातळ औषधाच्या मात्रेत ‘एक चमचा’ म्हणजे 5 मिलिलिटरचा लहान चमचा की 15 मिलिलिटरचा मोठा, हे न सांगितल्यास मात्रा तिप्पट होऊ शकते.

लिहिणाऱ्याला आपला अर्थ आधीच ठाऊक असल्याने दुसरा अर्थ त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी, विषयाची माहिती नसलेल्या व्यक्तीकडून तो वाचून घेणे हा उत्तम उपाय होय. वाचकाने अर्थाचा तर्क करत बसावे, अशी अपेक्षा सूचना देणाऱ्याने किंवा वृत्तपत्राने ठेवू नये.