अंतर्वर्धित केस

अंतर्वर्धित केस म्हणजे त्वचेबाहेर सरळ वाढण्याऐवजी वळून पुन्हा त्वचेत शिरलेला, किंवा बाहेर न पडता त्वचेखालीच वाढत राहिलेला केस होय. शरीर अशा केसाला बाहेरून शिरलेल्या काट्याप्रमाणे परका पदार्थ मानते व त्या जागी दाह उत्पन्न होतो. त्यामुळे लालसर किंवा काळपट पुळी, खाज, दुखरेपणा आणि कधी पू ही लक्षणे दिसतात. दाढी, वॅक्सिंग, थ्रेडिंग किंवा चिमट्याने केस उपटल्यानंतर हा त्रास विशेषेकरून होतो. तो अस्वच्छतेचा रोग नाही आणि एकाचा दुसऱ्याला होत नाही. केस काढणे काही आठवडे थांबविल्यास बहुतेक पुळ्या आपोआप बऱ्या होतात. मात्र नखाने किंवा सुईने कोरल्यास साध्या पुळीचे रूपांतर कायमच्या व्रणात होऊ शकते.

नाव

मराठीत केसाच्या मुळाशी येणाऱ्या फोडाला ‘केसतूड’ किंवा ‘केस्तोड’ म्हणतात. केस तुटल्याने किंवा उपटल्याने हा फोड होतो, अशी लोकसमजूत या नावामागे आहे. बोलीभाषेत अंतर्वर्धित केसालाही पुष्कळदा केसतूडच म्हटले जाते. तथापि वैद्यकशास्त्र या दोहोंत भेद करते. केसतूड हा प्रायः जिवाणूंच्या संसर्गाने होणारा केशपुटकाचा दाह असतो. अंतर्वर्धित केसात आधी केसाचे टोक त्वचेत रुतते, आणि संसर्ग झालाच तर तो मागाहून होतो. दाढीच्या भागात अशा पुष्कळ पुळ्या वारंवार येत असतील, तर त्या विकाराला ‘स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी’ असे नाव आहे.

कारणे

केस ज्या सूक्ष्म पिशवीतून उगवतो तिला केशपुटक म्हणतात. कुरळ्या केसाचे पुटक मुळातच वक्र असते, त्यामुळे त्यातून येणारा केसही वळणाचा निघतो. असा केस पात्याने तिरका कापला की त्याचे टोक भाल्याच्या फाळासारखे अणकुचीदार होते. पुढे तो दोन प्रकारांनी त्वचेत शिरतो.

पहिल्या प्रकारात केस बाहेर येतो, कमानीसारखा वळतो आणि उगवल्या जागेपासून थोड्या अंतरावर पुन्हा त्वचेत घुसतो. दुसऱ्या प्रकारात तो बाहेरच येत नाही. पुटकाची भिंत भेदून आतल्या आत शिरतो. त्वचा ताणून किंवा केसांच्या उलट दिशेने दाढी केल्यास कापलेले टोक त्वचेच्या पातळीखाली जाते आणि हा दुसरा प्रकार घडतो. अनेक पाती असलेल्या वस्तऱ्यात पहिले पाते केस ओढते व दुसरे कापते, त्यामुळेही टोक आत दबते. गुळगुळीत दाढी करण्याच्या हौसेतच या त्रासाचे मूळ असते, ते असे.

वॅक्सिंगमध्ये केस मुळासकट निघणे अपेक्षित असते. पट्टी चुकीच्या दिशेने ओढल्यास किंवा केस फार आखूड असल्यास तो मधूनच तुटतो. मुळासकट निघालेल्या केसाच्या जागीही नवा केस बारीक टोकाचा येतो आणि वर मृत पेशींचा थर साचलेला असल्यास त्याला वाट मिळत नाही. घट्ट कपडे, घाम व घर्षण यांनी जांघेत आणि काखेत त्रास वाढतो.

आनुवंशिकतेचाही यात भाग असतो. केरॅटिन ७५ या प्रथिनाच्या जनुकातील एका बदलामुळे हा विकार होण्याची शक्यता वाढते, असे आढळले आहे. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक असते. अमेरिकी सैन्यदलांत या कारणास्तव दाढी न करण्याची वैद्यकीय सवलत अनेक दशके देण्यात आली आहे.

लक्षणे व निदान

दाढीच्या भागात हनुवटीखाली व मानेवर, तसेच काखेत, जांघेत आणि पायांवर पुळ्या दिसतात. नीट पाहिल्यास पुळीत वळलेल्या केसाची काळी रेषा किंवा वेटोळे दिसू शकते. भारतीयांच्या गव्हाळ व सावळ्या त्वचेत पुळी बरी झाल्यावरही काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. रुग्णाला अनेकदा पुळीपेक्षा या डागाचीच चिंता अधिक वाटते.

मुरूम, जिवाणूजन्य केसतूड आणि दाढीतील नायटा हे विकार दिसायला सारखे असतात. नायटा बुरशीमुळे होतो व पसरतो. त्यावर स्टेरॉइडयुक्त मलम लावल्यास तो काही दिवस दबतो आणि नंतर अधिक उसळतो. म्हणून औषधविक्रेत्याला पुळी दाखवून मलम घेण्याची सवय घातक ठरते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टेरॉइडांचा समावेश ‘परिशिष्ट एच’मध्ये केला; अशी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत.

हनुवटीवर किंवा वरच्या ओठावर राठ केस येणाऱ्या तरुणींना वारंवार थ्रेडिंग करावे लागते व तेथे केस आत वाढतात. सोबत मासिक पाळी अनियमित असल्यास केवळ त्वचेचा उपचार पुरेसा नसतो. त्यामागे पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असू शकतो आणि त्याची तपासणी आवश्यक ठरते.

बारामती व इंदापूर परिसर

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. येथील उन्हाळा कडक व कोरडा असतो. उन्हात घामाने भिजलेल्या मानेवर कॉलरचे घर्षण होत राहिले, की दाढीनंतरचा दाह वाढतो. ज्या गावांत विंधनविहिरीचे पाणी क्षारयुक्त आहे, तेथे साबणाचा फेस नीट होत नाही आणि कोरड्या केसावर पाते ओढले जाते. अशा ठिकाणी दाढीपुरते पावसाचे साठविलेले पाणी वापरणे हिताचे असते.

ग्रामीण भागात त्वचेची व्यावसायिक निगा प्रामुख्याने केशकर्तनालयात व ब्यूटी पार्लरमध्ये होते. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी माणसाची पुळी प्रथम दिसते ती दाढी करणाऱ्या कारागिराला. ‘या जागेवर आज वस्तरा फिरवायला नको’ हे सांगणारा कारागीर म्हणूनच प्रतिबंधातील महत्त्वाचा दुवा ठरतो. पुळ्यांवरून पाते फिरविल्यास त्या कापल्या जातात, रक्त येते आणि संसर्गाला वाट मिळते.

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी या मार्गाने इंदापूरला जाते. वारीच्या वाटेवर नाभिक समाजातील कारागीर वारकऱ्यांची विनामूल्य दाढी व केशकर्तन करून सेवा देतात. थोड्या वेळात अनेकांची दाढी होते तेव्हा प्रत्येकासाठी नवे पाते वापरणे अनिवार्य असते. रक्त लागलेल्या पात्यातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. दाढीनंतर फिरविण्यात येणारी तुरटी रक्त थांबविते. परंतु तुरटीचा एकच खडा सर्वांच्या चेहऱ्यांवरून फिरविणे योग्य नव्हे. तुरटीचे पाणी स्वच्छ कापसाने लावणे अधिक सुरक्षित असते.

प्रतिबंध

दाढी करताना:

• अंघोळीनंतर, किंवा कोमट पाण्याचा रुमाल चेहऱ्यावर काही मिनिटे ठेवून केस मऊ झाल्यावर दाढी करावी.
• फेस लावून एक–दोन मिनिटे थांबावे.
• केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने पाते फिरवावे. मानेवर ही दिशा जागोजागी बदलते, ती बोटाने चाचपून पाहावी.
• त्वचा ताणू नये व एकाच जागेवरून पुन्हापुन्हा पाते फिरवू नये.
• वारंवार त्रास होणाऱ्यांनी अनेक पात्यांच्या वस्तऱ्याऐवजी एका पात्याचा वस्तरा वापरावा. याहून चांगला पर्याय म्हणजे सुमारे एक मिलिमीटर खुंट ठेवणारे विजेचे यंत्र.
• मानेच्या मागील बाजूस ‘झिरो’ यंत्र टेकवून केस कापणे पुळ्या येणाऱ्यांनी टाळावे. तेथे पुळ्यांचे रूपांतर कठीण गाठींत होऊ शकते.

वॅक्सिंग करताना:

• केसांची लांबी सुमारे अर्धा सेंटिमीटर असावी.
• साखर व लिंबाच्या पारंपरिक वॅक्ससह कोणतेही वॅक्स वापरताना एकदा त्वचेला लावलेली पट्टी किंवा चमचा पुन्हा भांड्यात बुडवू नये.
• ट्रेटिनॉइन, अॅडापॅलिन यांसारखी मलमे लावणाऱ्यांनी किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वॅक्सिंग करू नये. त्वचा सोलून निघते. गोळ्या बंद केल्यावरही सहा महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो. पार्लरमध्ये हा प्रश्न आधी विचारला जाणे हे चांगल्या सेवेचे लक्षण आहे.
• नंतरचे एक–दोन दिवस सैल सुती कपडे वापरावेत.

उपचार

घरगुती उपाय

पहिला उपचार म्हणजे त्या जागेचे केस काढणे थांबविणे. साधारणतः तीन ते चार आठवडे, आणि त्रास तीव्र असल्यास त्याहून अधिक काळ, दाढी किंवा वॅक्सिंग करू नये. केस वाढू लागला की स्प्रिंगप्रमाणे ताण घेतो व रुतलेले टोक स्वतःच सुटून बाहेर येते. आरंभी काही दिवस पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात. त्याने घाबरून पुन्हा वस्तरा हाती घेतल्यास चक्र सुरूच राहते. ज्यांना नोकरीत दाढी राखता येत नाही, त्यांना डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा उपयोग होतो.

कोमट पाण्याच्या घडीने दिवसातून दोन–तीन वेळा सुमारे दहा मिनिटे शेकल्यास सूज उतरते. पुळी पिळू नये. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजू शकते. टूथपेस्टने दाह वाढतो.

व्यावसायिक त्वचानिगा

प्रशिक्षित त्वचानिगा व्यावसायिक त्वचा स्वच्छ करून वाफ देतो आणि मृत पेशींचा थर सैल करतो. त्यासाठी सॅलिसिलिक किंवा ग्लायकॉलिक आम्लाची सौम्य द्रावणे वापरतात. केसाचे वेटोळे पृष्ठभागावर स्पष्ट दिसत असेल, तरच निर्जंतुक सुईने ते अलगद उचलून टोक मोकळे करतात. केस संपूर्ण उपटला जात नाही, कारण उपटलेल्या केसाच्या जागी येणारा नवा केस पुन्हा आत वळू शकतो. केस दिसत नसताना त्वचा खोदणे, पू भरलेल्या पुळीला हात लावणे किंवा इंजेक्शन देणे ही पार्लरची कामे नव्हेत. अशा वेळी ग्राहकाला डॉक्टरांकडे पाठविणे हाच योग्य व्यवहार होय.

वैद्यकीय उपचार

त्वचारोगतज्ज्ञ रात्री लावण्यासाठी रेटिनॉइड, संसर्ग असल्यास बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा क्लिंडामायसिन, आणि तीव्र दाहावर थोड्या दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइड देतात. गरोदरपणात रेटिनॉइड टाळतात. डागांवर उपचार चालू असताना उन्हापासून संरक्षण करणारे सनस्क्रीन आवश्यक असते, अन्यथा डाग पुन्हा गडद होतात.

वारंवार होणाऱ्या त्रासावर लेसर हा दीर्घकालीन उपाय आहे. केसातील मेलॅनिन हे रंगद्रव्य लेसरचा प्रकाश शोषते व त्या उष्णतेने केसाचे मूळ निकामी होते. सावळ्या त्वचेतही मेलॅनिन अधिक असल्याने चुकीच्या यंत्राने त्वचाच भाजते. म्हणून अशा त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित मानतात. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात. केस विरळ व बारीक होतात, परंतु सर्व केस कायमचे जातीलच असे नाही. पांढऱ्या केसांवर लेसरचा परिणाम होत नाही. बैठकीपूर्वी काही आठवडे वॅक्सिंग टाळावे लागते, कारण प्रकाश शोषण्यासाठी मुळाशी केस असावा लागतो.

व्यवसायजन्य प्रकार

स्वतःचाच नव्हे, तर दुसऱ्याचा केसही त्वचेत शिरू शकतो. केशकर्तन करणाऱ्या कारागिरांच्या बोटांच्या बेचक्यांत ग्राहकांचे कापलेले आखूड केस रुततात आणि तेथे पू येणारे छिद्र तयार होते. गाई-म्हशींचे दूध काढणारे व मेंढ्यांची लोकर कातरणारे यांनाही जनावरांच्या केसांमुळे असाच विकार झाल्याचे वैद्यकीय नोंदींत आढळते. दुग्धव्यवसाय व मेंढपाळी या दोन्ही उपजीविका बारामती–इंदापूर परिसरात असल्याने ही माहिती येथे महत्त्वाची आहे. काम संपताच बोटांच्या बेचक्या साबणाने धुणे, रुतलेला केस लगेच काढणे आणि शक्य तेथे हातमोजे वापरणे हा त्यावरील साधा प्रतिबंध होय.

माकडहाडाजवळच्या खाचेत केस शिरून होणाऱ्या नाडीव्रणाला पायलोनिडल सायनस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून धक्के खात प्रवास करणाऱ्या सैनिकांत तो पुष्कळ आढळला. १९४४ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक लुई ब्यूई यांनी त्याला ‘जीप रोग’ म्हटले. दीर्घकाळ बसून वाहन चालविणे हे त्याचे एक कारण मानतात. त्यामुळे गाळप हंगामात तासन्‌तास उसाचे ट्रॅक्टर चालविणाऱ्यांनी त्या जागी दुखणे किंवा ओलसरपणा जाणवल्यास संकोचाने तो लपवू नये. वाढलेल्या विकारावर शस्त्रक्रिया करावी लागते.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

सूज पसरत असल्यास, ताप आल्यास, गाठ वाढत असल्यास किंवा दोन–तीन आठवड्यांत आराम न पडल्यास डॉक्टरांकडे जावे. मधुमेही व्यक्तीच्या जांघेतील किंवा पायावरील पुळी लहान दिसली तरी तिची उपेक्षा करू नये. अशा रुग्णांत संसर्ग वेगाने खोलवर पसरू शकतो. नाकाजवळची व वरच्या ओठावरची पुळी कदापि पिळू नये. या परिसरातील रुग्णांना बारामती येथे २०१९ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तसेच इंदापूर येथील उपजिल्हा रुग्णालयात तपासणी करून घेता येते.