मदतनिसेच्या पुढची पायरी

नालासोपारा पूर्वेच्या चाळींतून सकाळची लोकल धरून मुंबईत रुग्णसेवेला जाणाऱ्या मावशी कामात मुरतात, पदाने मात्र तिथेच राहतात. याउलट १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी मदतनिसेला सेविका आणि सेविकेला मुख्य सेविका होण्याची वाट आहे. अरुंद, पण आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्कही मान्य केला. म्हणून घरच्या रुग्णसेवेतही नुसता कोर्स पुरत नाही, त्याला वरचे पद आणि वाढीव पगार जोडलेला हवा. माया असली की झाले, प्रमाणपत्र कशाला, असे म्हणतात. पण अंथरुणाला खिळलेल्याची कूस ठरावीक वेळाने बदलायची, टाचेवरची, माकडहाडावरची लाली रोज पाहायची, हे शिकावे लागते. शिकलेली बाई महाग पडेल ही भीती खरी. चिघळलेल्या शय्याव्रणाचा खर्च मात्र कोणी मांडत नाही.