घरची वंशावळ संगणकावर

आपल्या पणजीचं माहेरचं नाव काय होतं? क्षणभर थांबा आणि आठवून पाहा. पणजोबांचं नाव बहुतेकांना सांगता येतं. पणजीपाशी मात्र आपण अडखळतो. यात दोष आपल्या स्मरणशक्तीचा नाही. जुन्या वंशावळी बापाकडून मुलाकडे उतरत गेल्या. लेकी सासरी गेल्या, त्या कागदावरूनही गेल्या. सुना आल्या, त्यांचं माहेर उंबऱ्याबाहेरच राहिलं. हे सुटलेले धागे जोडायला घरचा संगणक फार उपयोगी पडतो.

वंशावळीसाठी खास प्रोग्रॅम मिळतात. 'ग्रॅम्प्स' हा त्यांपैकी एक. 2001 साली त्याचं काम सुरू झालं. तो फुकट मिळतो. विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि त्यात नावं देवनागरीत लिहिता येतात.

परंतु संगणक उघडण्याआधी एक वही घ्या आणि घरातल्या सर्वांत वडील माणसापाशी जाऊन बसा. कागद उद्याही वाचता येईल. आजीला आजच विचारलं पाहिजे.

मग प्रारंभ स्वतःपासून करा. आपण, आपले आईवडील, दोन्हीकडचे आजीआजोबा, असं एकेक पिढी मागं जा. स्त्रीची नोंद माहेरच्या नावानं करा. समजा, माहेरची दुर्गा सासरी लक्ष्मी झाली. तर 'लक्ष्मी' हे पर्यायी नाव म्हणून त्याच नोंदीत लिहा. नाहीतर एकाच बाईच्या दोन बायका होतात! आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळेही घोटाळा होतो. प्रोग्रॅम प्रत्येक व्यक्तीला वेगळा क्रमांक देतो, म्हणून आजोबा आणि नातू एकमेकांत मिसळत नाहीत.

प्रत्येक माहिती कुठून मिळाली, ते तिथंच नोंदवा. 'आत्यानं सांगितलं' हाही आधारच. फक्त सांगितल्याची तारीख घाला. गावच्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी सापडतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं असतात. अशा जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात. तेव्हा जाणकाराकडून वाचून घ्या. शक दिला असेल तर त्यात 78 मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीला 79. म्हणजे शके 1850 हे 1928-29 साल झालं. मूळ शकही टिपणात राहू द्या. साल नक्की ठाऊक नसेल तर 'सुमारे' म्हणा. अंदाजाला खात्रीचे कपडे घालू नका.

एक सावधगिरी. संगणक बिघडतो, म्हणून प्रत दुसरीकडे ठेवा. त्याखेरीज 'जेडकॉम' या स्वरूपातही एक प्रत काढा. 1984 साली निघालेलं हे स्वरूप वंशावळीच्या बहुतेक प्रोग्रॅमना वाचता येतं. मात्र त्यात छायाचित्रं सामावत नाहीत. ती वेगळी जपा. आणि नातेवाइकांना प्रत देताना हयात माणसांच्या जन्मतारखा वगळा. त्या वाटायचा अधिकार आपला नव्हे.

इतकं करूनही पणजीचं माहेर सापडलं नाही, तर? तो रकाना रिकामाच राहू द्या, पण तिची नोंद गाळू नका. रिकामी जागा डोळ्यांसमोर राहिली, म्हणजे घरातलं कुणीतरी विचारील, "ही कोण?" आणि शोध पुन्हा सुरू होईल.