एक बोल्ट कच्चाच हवा!

बर्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते काश्मीर आणि चित्रपटातली गाणी. फार तर उसाच्या रसातला खडा, नाहीतर शाळेच्या फाटकाशी मिळणारा रंगीत गोळा. पण ज्यांच्या दारात तो महिनोन्‌महिने फुकट येऊन पडतो, त्यांना विचारा! त्यांच्या लेखी बर्फ म्हणजे शोभा नव्हे, बिगार आहे.

माझा धाकटा भाऊ न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, वॉटरटाउनच्या दक्षिणेला एका खेड्यात राहतो. न्यूयॉर्क म्हटल्यावर वाचकांनी गगनचुंबी इमारती डोळ्यांपुढे आणू नयेत. इथे गाईगुरे आहेत, मक्याची शेते आहेत आणि मेपलची झाडे आहेत. पश्चिमेला ऑन्टॅरिओ सरोवर पसरले आहे. ते खूप खोल असल्यामुळे हिवाळ्यातही सहसा पुरते गोठत नाही. थंडगार वारा त्याच्यावरून येताना वाफ पिऊन घेतो आणि टग हिलच्या पठारावर चढू लागला की तो सारा भार हिमाच्या रूपाने खाली टाकतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, तसाच हा प्रकार. महाबळेश्वरला वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस, तर टग हिलच्या काही भागांत दोनशे इंचांहून अधिक हिम! फरक एवढाच, की पाऊस आपल्या पायांनी निघून जातो. हिमाला हाकलावे लागते.

ते हाकलण्याचे काम किती? सार्वजनिक रस्ता सरकारी गाडी साफ करते. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट मात्र ज्याची त्याने मोकळी करायची. भावाची वाट तीनशे फूट लांब आणि दहा फूट रुंद. तिच्यावर फूटभर बर्फ पडला की झाला तीन हजार घनफूट. अगदी भुसभुशीत धरला तरी त्याचे वजन आठ टनांच्या घरात जाते. त्यात सरकारी गाडी जाता जाता बर्फाचा घट्ट बांध नेमका आपल्या फाटकाशी घालून जाते, तो वेगळाच!

म्हणून भावाने एक जुना ट्रॅक्टर आणि त्याच्या पाठीला जोडायचे बर्फ उडवण्याचे यंत्र घेतले होते. यंत्राची कल्पना आपल्या वाचकांना सहज येईल. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर मळणीयंत्र चालवतात ना, तोच दांडा इथेही कामाला येतो. तो मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. पुढे आडवे मळसूत्र असते. ते दोन्ही बाजूंचा बर्फ कापून मध्यभागी आणते. मागचा पोलादी पंखा तो उचलतो आणि उंच नळकांड्यातून दूर भिरकावतो. यंत्र ट्रॅक्टरच्या पाठीला असल्यामुळे सारा कारभार उलटा. मान मागे वळवून ट्रॅक्टर मागे मागे न्यायचा!

या यंत्राचा वंशही मोठा मौजेचा आहे. रेल्वेच्या रुळांवरचा बर्फ फिरत्या चक्राने उडवावा, ही कल्पना 1869 मध्ये काढली टोरांटोच्या जे. डब्ल्यू. एलियट नावाच्या दंतवैद्याने. पुढे माँट्रियलजवळच्या शेतकरी घराण्यातल्या आर्थर सिकार्ड यांनी 1925 मध्ये रस्त्यावर चालणारे यंत्र बनवले आणि 1927 मध्ये ते आउटरमाँट या गावाने विकत घेतले. सिकार्ड यांना ही युक्ती मळणीयंत्र पाहून सुचली, असे सांगतात. म्हणजे धान्य आणि भुसा वेगळा करणाऱ्या यंत्राचेच हे थंड प्रदेशातले भावंड म्हणायचे.

2024 च्या जानेवारीत मी रजा घेऊन भावाकडे गेलो होतो. एका शुक्रवारी संध्याकाळी बर्फात दडलेला लाकडाचा ओंडका मळसूत्रात सापडला. कडाड् असा आवाज झाला आणि सारे ठप्प! मळसूत्राचा पत्रा वाकून फाटला होता. बाजूच्या भिंतीला वीतभर चीर गेली होती. दातेरी चक्रांची पेटी उघडली, तर काळ्या तेलात तुटलेले दोन दात चमकत होते.

एरवी मजूर बोलावून वाट साफ करून घेता आली असती. पण रविवारी रात्री मोठे वादळ येणार असा हवामानखात्याचा इशारा होता. सगळ्यांची यंत्रे गुंतलेली. आणि प्रश्न आमच्याच वाटेचा नव्हता. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शेतकरी एकटेच राहतात. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी शहरात जावे लागते. त्यांची वाटही भाऊच मोकळी करीत असे. सोमवारी सकाळी सहाला त्यांना निघायचे होते. बाहेर बर्फ पडला म्हणून रक्तातले विष साचायचे थांबत नाही.

हे म्हातारबुवा शनिवारी सकाळी आपले वेल्डिंगचे यंत्र घेऊन आमच्या गॅरेजात हजर झाले. स्वतः उपड्या बादलीवर बसले आणि भावाकडून काम करवून घेऊ लागले. प्रथम त्यांनी मळसूत्राच्या दांड्यातला बोल्ट काढून मला दाखवला. त्याच्या डोक्यावर सहा रेघा होत्या.

"पाहा, इथे गुन्हेगार सापडला," ते म्हणाले.

मी मराठीचा प्राध्यापक; मला रेघांचा अर्थ काय कळणार? मग उलगडा झाला. डोक्यावर सहा रेघा असलेला बोल्ट अतिशय कणखर. एकही रेघ नसलेला साधा, मऊ. या यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे त्या जागी साधाच बोल्ट हवा. दगड-लाकूड अडकले, की तो आपण होऊन तुटतो, मळसूत्र जागीच थांबते आणि मागची यंत्रणा वाचते. यंत्राच्या आधीच्या मालकाला तो वरचेवर बदलण्याचा कंटाळा आला असावा. त्याने 'पक्का' बोल्ट बसवून टाकला. बोल्ट तुटेना, म्हणून धक्का पुढे गेला आणि दात तुटले.

दोन दिवस काम चालले. सुट्या भागांच्या दुकानातून नवे चक्र आणले. वाकलेला पत्रा तापवून, ठोकून सरळ केला. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी छोटी भोके पाडली, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग जोड भरला. बाहेर पारा शून्याच्या खाली दहा अंशांवर होता. थंड लोखंडावर जोड नीट बसत नाही, म्हणून आधी ज्योतीने शेकून त्याची ओल उडवायची आणि रंग घासून काढायचा. भिंतींना आतून त्रिकोणी पट्ट्यांचा आधार दिला, खालची झिजलेली धार बदलली, पंख्याच्या पात्यांना समोरासमोर सारख्या वजनाच्या रबरी पट्ट्या लावल्या. पाती आणि घर यांतली फट त्यामुळे बुजते आणि ओला बर्फही लांब उडतो.

नळकांड्यात बर्फ चिकटू नये म्हणून आतून तेल फासायचे होते. भाऊ स्वयंपाकघरातून बाटली घेऊन निघाला, तशी भावजय म्हणाली, "दादा, याला सांगा, ते फोडणीचं तेल आहे!" तेल मात्र गेले ते गेलेच.

एवढी मजबुती झाल्यावर म्हातारबुवांनी खिशातून बिनरेघांचा साधा बोल्ट काढला आणि स्वतःच्या हाताने त्या जागी बसवला. "बाकी सगळं पक्कं करा. हा एक कच्चाच राहू द्या."

सोमवारी पहाटे चारला भाऊ ट्रॅक्टरवर बसला. चौदा इंच बर्फ पडला होता. आमची वाट झाली. म्हातारबुवांच्या फाटकाशी 'टक्' असा बारीक आवाज आला आणि मळसूत्र थांबले. गोठलेले ढेकूळ अडकले होते. भावाने इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली, सारे फिरणे थांबल्याची खात्री केली आणि काठीने ढेकूळ काढले. हात घालायचा नाही, हा इथला कडक नियम आहे. इंजिन बंद असले तरी अडकलेल्या पात्यात ताण उरलेला असतो आणि अडथळा निघताच ते गरकन फिरून बोटे तोडू शकते. पाच मिनिटांत नवा बोल्ट बसला. चक्राचे दात शाबूत, पत्रा शाबूत. सहाला दहा मिनिटे असताना म्हातारबुवांची गाडी रस्त्याला लागली.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण असे कच्चे बोल्ट घरोघरी आहेत. विजेचा फ्यूज आहे, प्रेशर कुकरची सुरक्षा झडप आहे. फ्यूज सारखा जातो म्हणून जाड तार घालणारे 'हुशार' गृहस्थ आपल्या ओळखीचे असतात. तो का जातो, हे शोधण्याचा त्यांना कंटाळा असतो, एवढेच. स्वस्तातली वस्तू वरचेवर तुटते तेव्हा ती महागातली वस्तू, कधी माणूसही, वाचवीत असते. भावाच्या गॅरेजात आता भिंतीवर एक डबा टांगलेला आहे. त्यात पंचवीस साधे बोल्ट आहेत, आणि एकावरही रेघ नाही.