खटला गुन्ह्याचा, चारित्र्याचा नव्हे

"याचे नाव आधीच पोलिसांत आहे, म्हणजे चोरी यानेच केली!" वस्तीत काही घडले की असे बोलणारे पुष्कळ भेटतात. बाईने अत्याचाराची तक्रार केली की "आधी तिची चालचलणूक बघा" असेही म्हटले जाते. कायदा याबाबत काय म्हणतो, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

१८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. चारित्र्याबाबतचा मूळ नियम मात्र तोच राहिला. कलम ४९ प्रमाणे आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून आणता येत नाही. काल चोरी केली म्हणून आजचीही त्यानेच केली, हे कोर्टात चालत नाही. आजची चोरी आजच्या पुराव्यानेच शाबीत करावी लागते.

याउलट, कलम ४७ प्रमाणे आरोपीला आपले चांगले चारित्र्य मांडता येते. पण येथे सावध राहावे. एकदा "मुलगा सज्जन आहे" असा पुरावा दिला, की त्याचे वाईट चारित्र्य दाखवण्याची मुभा सरकारी वकिलाला मिळते आणि जुनी शिक्षाही पुढे येते. म्हणून जुनी केस आपल्या वकिलापासून कधीही लपवू नये. दुसरे असे की, नगरसेवकाचा किंवा मालकाचा नुसता दाखला पुरत नाही. ओळखणाऱ्या माणसाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून आरोपीचा लौकिक व स्वभाव सांगावा लागतो. 'याने सापडलेले पाकीट परत दिले' अशी एखादी घटना सांगून भागत नाही. शिवाय ही साक्ष दुबळीच मानली जाते. गुन्ह्याचा भक्कम पुरावा असेल तर ती टिकत नाही.

आरोपीला हे संरक्षण १८७२ पासूनच होते. तक्रारदार बाईला मात्र त्यासाठी शंभराहून अधिक वर्षे थांबावे लागले. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई अनैतिक चारित्र्याची आहे असे दाखवून तिची साक्ष खोटी पाडण्याची सोय जुन्या कायद्याच्या कलम १५५ मध्येच होती.

त्याचे परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीसच होते. १९७४ साली सेशन कोर्टाने मुलीच्या पूर्वायुष्यावर बोट ठेवून त्यांना सोडले. १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतील अशा प्रकरणात शरीरसंबंध शाबीत झाला व बाईने "माझी संमती नव्हती" असे कोर्टात सांगितले, तर कोर्टाने ते धरून चालावे असे ठरले.

कलम १५५ मधील ती सोय २००३ साली गेली. २०१३ च्या दुरुस्तीने, संमतीचा प्रश्न असेल तेथे बाईचे चारित्र्य किंवा पूर्वीचे संबंध गैरलागू ठरवले. नव्या कायद्यात हेच कलम ४८ आहे. उलटतपासणीतही तसे प्रश्न विचारता येत नाहीत. विचारलेच, तर सरकारी वकिलाने तिथल्या तिथे हरकत घ्यावी. वैद्यकीय तपासणीतील 'टू फिंगर' चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावले.

कायदा इथवर आला आहे. पण "कोर्टात अब्रू जाईल" म्हणून लेकीला गप्प बसवणारे पहिले कोर्ट घरातच भरते. वाचक बंधू-भगिनींनो, ते आपणच बंद केले पाहिजे. ती तक्रार घेऊन उभी राहिली, तर तिच्याबरोबर ठाण्यात आणि कोर्टात घरचे माणूस असलेच पाहिजे.