वेल्सची शेतवाडी आणि तिची भाषा

ग्रेट ब्रिटनचा नकाशा समोर ठेवला, तर इंग्लंडच्या पश्चिमेस समुद्रात पुढे आलेला एक डोंगराळ भूभाग दिसतो. हाच वेल्स देश होय. तेथील लोक आपल्या देशाला ‘कम्री’ आणि आपल्या भाषेला ‘कम्राइग’ म्हणतात. ही भाषा म्हणजे इंग्रजीची एखादी बोली नव्हे. इंग्रजांचे पूर्वज समुद्र ओलांडून येण्यापूर्वी त्या बेटावर जी भाषा नांदत होती, तिची ही वंशज. वेल्सची लोकसंख्या सुमारे ३१ लाख आहे, आणि मेंढ्यांची संख्या माणसांच्या अडीच पटींहून अधिक आहे!

या डोंगरांच्या उतारांवर लहान लहान शेतवाड्या विखुरलेल्या आहेत. एक दगडी घर, त्याला लागून गोठा, भोवती चारसहा कुरणे आणि मागे मोकळा डोंगर, असे त्यांचे रूप असते. ज्या दगडाची आपल्याकडे लिहिण्याची पाटी होत असे, त्याच दगडाच्या पातळ चकत्यांनी कित्येक घरांची छपरे शाकारलेली असतात. कुरणांच्या सीमेवर चुना किंवा सिमेंट न वापरता नुसता दगडावर दगड रचून केलेले गडगे असतात. कोकणातल्या मुलांना ते ओळखीचे वाटतील. अशा वाडीला वेल्श भाषेत ‘टदिन’ म्हणतात. एवढ्याशा जमिनीवर साऱ्या घराचा निर्वाह होत नाही, म्हणून घरातील एखादा माणूस बहुधा जवळच्या गावी नोकरी करतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील शहरे सोडून अनेक कुटुंबे या वाड्यांवर राहावयास आली. जॉन सिमूर नावाच्या इंग्रज लेखकाने पेम्ब्रोकशर भागात अशीच वाडी कसली आणि १९७६ साली स्वावलंबी शेतीवर एक पुस्तक लिहिले. ते पुष्कळ देशांत वाचले गेले. अशा नवख्या कुटुंबाला तेथे दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात. एक शेतीचे काम आणि दुसरी शेजाऱ्यांची भाषा. पहिली गोष्ट टाळता येत नाही. दुसरी टाळता येते, आणि पुष्कळजण ती टाळतातही.

वाडीचा दिवस पहाटे सुरू होतो. कोंबड्यांची खुराडी उघडणे, शेळीची धार काढणे, मेंढ्यांना वैरण टाकणे, ढासळलेला गडगा पुन्हा रचणे, ही कामे रोजचीच. डिसेंबर महिन्यात दिवसाचा उजेड आठ तासही टिकत नाही, त्यामुळे सकाळ-संध्याकाळची कामे कंदील घेऊन करावी लागतात. मार्च-एप्रिल हे मेंढ्या विण्याचे दिवस. तेव्हा रात्री दोनतीनदा उठून गोठ्यात फेरी मारावी लागते. एखाद्या कोकराची आई मेली, तर त्याला घरात चुलीजवळ आणून बाटलीने दूध पाजतात. दुधाला उत्तर वेल्समध्ये ‘ल्लेव्रिथ’ म्हणतात, तर दक्षिणेत ‘ल्लाइथ’. बिचाऱ्या शिकणाऱ्याने पुस्तकातून एक शब्द पाठ करावा आणि शेजारणीने नेमका दुसरा वापरावा, असे वरचेवर घडते. शिवाय या दोन्ही शब्दांच्या आरंभीचा ‘ल्ल’ हा काही आपला ‘ल’ नव्हे. जीभ ‘ल’च्या जागी टेकवून दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडली, म्हणजे तो ध्वनी निघतो. तो करून पाहावा. पहिल्या खेपेस हसूच येते.

परंतु खरी कसोटी पुढेच असते. वेल्श भाषेत कुत्र्याला ‘की’ म्हणतात. ‘त्याचा कुत्रा’ म्हणावयाचे झाल्यास ‘ई गी’, ‘तिचा कुत्रा’ म्हणावयाचे झाल्यास ‘ई खी’ आणि ‘माझा कुत्रा’ म्हणावयाचे झाल्यास ‘व ङ्ही’! येथे ‘त्याचा’ आणि ‘तिचा’ यांसाठी शब्द एकच, तो म्हणजे ‘ई’. मालक पुरुष आहे की स्त्री, हे पुष्कळदा कुत्र्याच्या पहिल्या अक्षरावरूनच ओळखायचे. इंग्रजाला हे विलक्षण वाटते. मराठी मुलाला तितके वाटू नये. आपणही ‘घोडा’ म्हणतो आणि लगेच ‘घोड्याला’ म्हणतो. ‘पाणी’ म्हणतो आणि ‘पाण्यात’ म्हणतो. मराठीत शब्दाचे शेपूट बदलते, वेल्शमध्ये तोंड बदलते, इतकेच.

शब्दाचे हे बदललेले तोंड ओळखता आले नाही, तर शेतीचेही नुकसान होऊ शकते. वेल्समध्ये वाड्यांना आणि शेतांना जुनी नावे असतात. समजा, एका कुरणाचे नाव ‘वेर्न’ आहे. नवा मालक शब्दकोश उघडतो, पण तेथे ‘वेर्न’ सापडत नाही. कारण मूळ शब्द ‘ग्वेर्न’ आहे आणि ‘ती अमुक पाणथळ’ असे सांगताना त्यातला आरंभीचा ‘ग’ गळून पडला आहे. ‘ग्वेर्न’ म्हणजे जेथे आल्डर नावाची झाडे वाढतात अशी दलदलीची जागा. आल्डर हा पाण्यावाचून न फोफावणारा वृक्ष आहे. ती झाडे केव्हाच तोडली गेली असतील, वरून जमीन हिरवी आणि सपाट दिसत असेल, तरी नाव जाणणारा माणूस तेथे बटाटे लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करील. न जाणणारा लावील आणि शरद ऋतूत कुजलेले बटाटे उपसत बसेल. काही नवे मालक तर अशी नावे काढून टाकतात आणि फाटकावर इंग्रजीत ‘सुंदर देखावा’ अशा अर्थाची पाटी लावतात. त्याबरोबर पाण्याची खूण जाते. पाणी मात्र जात नाही.

पावसाचे शब्द मात्र कोणालाही लवकर येतात, कारण तेथे पाऊस पाठ सोडत नाही. वायव्य वेल्समधील एरिरी पर्वतात काही ठिकाणी वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपण जोराच्या पावसाला मुसळधार म्हणतो, म्हणजे मुसळाएवढ्या जाड धारांचा. वेल्श माणूस म्हणतो, ‘म्हाताऱ्या बायका आणि काठ्या पडताहेत!’ आणखी एका बाबतीत ही भाषा मराठीच्या जवळची वाटते. ‘पाऊस आहे का?’ या प्रश्नाला आपण ‘आहे’ असे उत्तर देतो, ‘जेवलास का?’ याला ‘जेवलो’ असे देतो. वेल्शमध्येही क्रियापदानेच होकार देण्याची रीत आहे. इंग्रजीत कोठल्याही प्रश्नाला एकच ‘येस’ पुरते, म्हणून इंग्रज विद्यार्थी येथे फार अडखळतो.

आता कोणी विचारील, सर्व वेल्श शेतकऱ्यांना इंग्रजी येते, मग हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर खेड्यातील बैठकीत मिळते. दहा शेजारी वेल्शमध्ये बोलत असतात. तेवढ्यात वेल्श न येणारा एकजण येऊन बसतो. त्याला परके वाटू नये म्हणून दहाही माणसे सौजन्याने इंग्रजीत बोलू लागतात. एका माणसासाठी दहांची भाषा बदलते. आणि असे रोज होऊ लागले, म्हणजे त्यांच्या मुलांच्या कानी वेल्श पडेनाशी होते. मुंबईत राहणाऱ्या मराठी मुलांनी असे काही पाहिले असेल. एकोणिसाव्या शतकात तर वेल्समधील कित्येक शाळांत वेल्श बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवीत. दुसरे मूल वेल्श बोलताना सापडले, की तो त्याच्या गळ्यात जाई, आणि दिवसाच्या शेवटी ज्याच्याकडे तो असेल त्याला मार बसे. १९०१ साली वेल्समधील निम्मे लोक वेल्श बोलत होते. २०२१ च्या जनगणनेत तीन वर्षांवरील लोकांत हे प्रमाण १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार, एवढेच भरले. दंडाने जे झाले, त्याहून अधिक कदाचित सौजन्याने झाले असावे.

म्हणून विचारी नवखा मनुष्य प्रथम एक वाक्य पाठ करतो : ‘माझ्याशी वेल्शमध्ये बोला, आणि जरा सावकाश बोला.’ त्याला मदतही बरीच मिळते. गावोगावी संध्याकाळचे वर्ग भरतात. ल्लीन नावाच्या द्वीपकल्पावर ओस पडलेले खाणकामगारांचे एक गाव, नान्ट ग्वर्थेर्न, १९७८ साली एका विश्वस्त मंडळाने विकत घेतले आणि पडकी घरे दुरुस्त करून तेथे वेल्श शिकविण्याचे केंद्र उभारले. २०११ साली कायद्याने वेल्शला वेल्समध्ये अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. २०५० पर्यंत वेल्श बोलणारे दहा लाख व्हावेत, असे तेथील शासनाने ठरविले आहे.

डोंगरावर मेंढ्या सोडतात तेथे कुंपण नसते. तरी प्रत्येक कळप आपापल्या भागातच चरतो. कोकरू आईच्या मागे हिंडत तिची हद्द शिकते, आणि पुढे आपल्या कोकराला शिकवते. कळपाच्या या ओळखीच्या मुलखाला ‘कनेव्हिन’ असा सुंदर शब्द आहे. २००१ साली लाळ-खुरकूत रोगाची साथ ब्रिटनभर पसरली, तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यात असे जाणते कळपही गेले. बाजारातून आणलेल्या नव्या मेंढ्यांना डोंगर कोण दाखविणार? माणसांनीच दिवसेंदिवस त्यांच्यामागे हिंडून, त्यांना परत वळवून ती हद्द शिकवावी लागते, आणि त्याला वर्षे लागतात.

उन्हाळ्याच्या आरंभी लोकर कातरण्याचा दिवस येतो. त्या दिवशी आपल्याकडील इर्जिकीप्रमाणे शेजारी मदतीला जमतात. आज याच्या वाडीवर, तर उद्या त्याच्या. कोणी मेंढ्या धरतो, कोणी कातरतो, मुले लोकर गुंडाळून पोत्यांत भरतात. दुपारी मांस, बटाटे आणि लीक नावाची कांद्याच्या जातीची भाजी घालून केलेला ‘काउल’ सर्वांना वाढला जातो. जेवताना कोणीतरी सवयीने नवख्या गृहिणीशी इंग्रजीत बोलू लागतो. ती वेल्शमध्ये उत्तर देते. तिच्या बोलण्यात शेजारणीचा कुत्रा चुकून शेजाऱ्याचा होतो. सारी पंगत हसते. एक म्हातारा ‘गी नव्हे, खी’ म्हणून सांगतो, ती पुन्हा म्हणून दाखविते, आणि बोलणे वेल्शमध्येच पुढे चालू राहते, लोकरीच्या भावाकडे, उद्याच्या पावसाकडे, डोंगरावर राहून गेलेल्या दोन मेंढ्यांकडे.